सूर तुटला की थांबायचं

आवडाबाई दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीत बसल्या तेव्हा त्यांच्या तळहातांना हळकुंडांचा वास होता. सकाळी फुलंब्रीत, भावाच्या अंगणात बसून त्यांनी हळकुंडं निवडली, जात्याला सूत गुंडाळलं, खुंट्याला आंब्याचं पान बांधलं. मग सुनेला, आशाबाईला, बाजूला नेऊन हळूच म्हणाल्या, "शहरात चल बाई. आता निभत नाय."

खालच्या डाव्या बाजूची दाढ होती. सुपारी फोडताना ती उभी चिरली. त्यावर लवंग झाली, मशेरी झाली, मेडिकलमधल्या गोळ्या झाल्या. आपण गप्प बसलं तर दाढही गप्प बसायची. बोलायला जावं आणि जिभेची कड त्या चिरेला लागावी, की कळ थेट कानशिलात जायची.

पुंडलिकनगरातला हा दवाखाना पहिल्या मजल्यावर. खाली पिठाची गिरणी. गिरणी सुरू झाली की वरच्या फरशीला बारीक कंप सुटायचा आणि ट्रेमधले आरसे-चिमटे किणकिणायचे. दवाखाना मुळात डॉक्टर काकासाहेबांचा. हात कापायला लागला तसा त्यांनी तो हाताखालच्या डॉक्टर वहिदाच्या स्वाधीन केला, खिडकीजवळची खुर्ची तेवढी स्वतःकडं ठेवली. दुपारी यायचे, पेपर वाचायचे आणि वहिदाच्या कामात तोंड घालायचे.

वहिदानं मास्क चढवला, दिवा वळवला. आवडाबाईंनी तिच्या डोळ्यांकडं निरखून पाहिलं.

"तू राहतबीची लेक ना गं? चुडीवालीची?"

"व्हय मावशी."

"डोळे तिचेच. माझा चुडा तिनंच भरला. माझ्या भावजयीचा बी. लई हलका हात." मग जरा थांबून, "तुझा हाय का?"

"ते तुम्हीच सांगा. आ करा."

दाढ वाचण्यातली नव्हती. वहिदानं तसं सांगितलं.

"मग काढ," आवडाबाई म्हणाल्या. "पन एक अट हाय."

अट आशाबाईनं सांगितली, कारण तेवढं बोलणं सासूला झेपणार नव्हतं.

आज मोहिनीची हळद होती. मोहिनी ही आवडाबाईंच्या धाकट्या भावाची, बद्रीनाथची, एकुलती लेक. दिवस कलला की हळद दळायला बसायचं. त्यांच्यातली रीत अशी, की जात्याचा खुंटा आधी आत्यानं धरायचा आणि पहिल्या ओव्यांतून देवांना नि घरातल्या गेलेल्या माणसांना आवतण द्यायचं. नावानिशी. नाव पुरतं उमटलं तर माणूस मांडवात येतं. अर्धंमुर्धं उमटलं तर वेशीपर्यंत येतं आणि मागं फिरतं. मोहिनीची आई द्वारकाबाई परवाच्या पावसाळ्यात गेली. आज तिला बोलवायचं होतं.

"दुसऱ्या कुणी म्हटलं तर?" वहिदानं विचारलं.

"माझ्या नंदेच्या हळदीला म्हणलं व्हतं की," आशाबाई म्हणाली. "चतुराबाई म्हणून एक चुलत आत्या. तोंडात दात नाय. आजेसासऱ्याचं नाव सखाराम, तर ही काय म्हणली ते तिलाच ठावं. अजून लोक म्हणत्यात, सखारामबाबा वेशीवरच बसलेत बिडी वढत."

खिडकीजवळ पेपर हलला. पेपराआड काकासाहेब हसत होते.

"जिभेला भूल नको," आवडाबाई म्हणाल्या. "मागल्या साली ह्यांची दाढ काढली. सांजपतूर तोंडातून च्या गळत व्हता. सोताचं नाव सांगता येईना गड्याला."

"आन् हळद लागली का मग लगीन उरकस्तवर घरात कुणाचं रगत काढत नायत," आशाबाईनं जोडलं. "म्हंजे आजच. आत्ताच."

वहिदानं हातमोजे घातले. तिच्यासमोर दोन वाटा होत्या.

एक जुनी. लांब सुईची सिरिंज जबड्याच्या पार मागं न्यायची आणि जिथं शीर हाडात शिरते तिथं औषध सोडायचं. खात्रीची वाट. वहिदाचा हात तिच्यावरच बसलेला. पण त्या वाटेनं दाढेसोबत अर्धा ओठ जातो, अर्धी जीभ जाते, आणि संध्याकाळ झाल्याशिवाय ती परत येत नाहीत.

दुसरी वाट म्हणजे कपाटावरचं ते नवं यंत्र. डब्याएवढं. त्याला नळी, नळीच्या टोकाला केसासारखी सुई, ती पेनासारखी धरायची आणि दाढ नि हिरडी यांच्यामधल्या फटीत टेकवायची. पायाखालचं बटण दाबलं की यंत्र आपल्या बेतानं थेंब थेंब औषध सोडतं. थेंबागणिक एक टिंग. बधिर होते ती तेवढी एकच दाढ. मात्र ही भूल लवकर उतरते, आणि ठणकत्या दाढेला पुरेलच असं छातीवर हात ठेवून कुणी सांगत नाही.

गेले काही महिने वहिदा या दोन वाटा मनातल्या मनात ताडून पाहत होती. तिच्या ध्यानात एक गोष्ट आली होती. सुई दिल्यावर "दुखलं का?" विचारलं की लोक म्हणायचे, "छे छे, कळलंसुद्धा नाही." यंत्रानं दिल्यावर मात्र तोंडावर सांगायचे, "टोचलं बुवा." सुईमागं डॉक्टरीणबाईचा हात असतो, त्याची भीड पडते. डब्याचा मुलाहिजा कोण ठेवणार? तेव्हा कोणती वाट खरंच कमी दुखते, हे माणसांना विचारून तिला अजून कळलं नव्हतं.

काकासाहेबांनी पेपर गुडघ्यावर ठेवला. "बाई, घरी शेती आहे ना?"

"हाय की."

"कालव्याचं दार पाडलं की खालचं सगळं शिवार कोरडं. ती माझी सुई. आणि हिचं यंत्र म्हणजे ठिबक. एका झाडाच्या बुडाशी थेंब थेंब. शेजारच्या झाडाला पत्ता लागत नाही."

"ठिबकची नळी चोंदती," आवडाबाई म्हणाल्या.

"तेच तर मी हिला सांगतो!" काकासाहेब एकदम खूश झाले.

"पन ठिबकच करा."

वहिदानं रक्तदाब पाहिला. सकाळची गोळी घेतली का, ते आशाबाईला विचारलं. मग खुर्ची मागं कलवत म्हणाली, "मावशी, नीट ऐका. ही भूल कमी पडली तर मला मोठी सुई द्यावी लागेल. दुखलं की डावा हात वर करायचा. खोटं बोलायचं नाही."

"मी कशाला खोटं बोलू?" आवडाबाई म्हणाल्या आणि डोळे मिटले.

टिंग. मग बऱ्याच वेळानं, टिंग. खालची गिरणी कुणाची तरी बाजरी दळत होती. वहिदा दाढेभोवती सुई सरकवत गेली, जसा खुरप्याचा हात रोपाभोवती फिरतो.

"ओठ जड झाला का?" काकासाहेबांनी सवयीनं विचारलं. सारी उमर ते हेच विचारत आले होते. जड झाला म्हटलं की चिमटा उचलायचा.

"नाय. हलकाच हाय."

"म्हणजे भूल चढली नाही."

"सर, ह्यात ओठ जड होतच नसतो."

"मग कळायचं कसं?"

"दाढेलाच विचारायचं," वहिदा म्हणाली आणि हिरडीच्या कडेनं टोकदार सळई फिरवली. आवडाबाईंची पापणी हलली नाही. तिनं दाढ हलवायला सुरुवात केली.

"दुखतंय?"

"अं हं."

डावा हात मांडीवर पडून होता, वर गेला नाही. वहिदानं जोर थोडा वाढवला, परत विचारलं, परत तेच उत्तर आलं. मग तिनं खुर्चीच्या दुसऱ्या टोकाकडं पाहिलं. तोंडात काम करताना पायांवर नजर ठेवायची, हे तिला काकासाहेबांनीच शिकवलं होतं. आवडाबाईंच्या पावलाचं बोट जोडव्यासकट आत मुडपलं होतं, इतकं की नखाखाली पांढरं पडलं होतं.

वहिदानं हात बाहेर काढला.

"मावशी, दुखतंय."

"नाय म्हणते ना."

"तुमचा पाय व्हय म्हणतोय."

आवडाबाईंनी पायाकडं पाहिलं, जणू तो चहाडी करणारा दुसऱ्याच कुणाचा होता. "दुखतंय म्हणलं तर तू ती मोठी सुई देशील," त्या म्हणाल्या.

"द्यावीच लागेल," काकासाहेब म्हणाले. या वेळी त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती. "दुखत असताना ओढायची नाही, वहिदा. बाईनं हजार वेळा नाही म्हटलं तरी."

"मी बघते पाय," आशाबाई पुढं आली. "बोट वळलं का सांगते."

आवडाबाईंनी लगेच लुगड्याचा काठ दोन्ही पावलांवर ओढून घेतला.

"आई! काय हे?"

"थंडी वाजती."

एसी बंद होता. ट्रेमध्ये भरलेली सिरिंज पडली होती. वहिदानं ती उचलली, उजेडात धरली. देणं सोपं होतं. दाढ मुकाट्यानं निघाली असती, कुणी कुणाला फसवलं नसतं, आणि संध्याकाळी एक नाव वेशीवरून मागं गेलं असतं. वहिदाचा त्या आवतणावर विश्वास होता की नव्हता, याचा तिनं विचार केला नाही. तिला आईचे हात आठवले.

राहतबी नवरीचा पंजा साबणाच्या पाण्यात भिजवून आपल्या मांडीवर घ्यायची. चुडा अंगठ्याच्या सांध्यावर यायचा आणि अडायचा. सासरची माणसं समोर बसलेली. कुठली नवरी दुखतंय म्हणणार? ओठ दाबून म्हणायच्या, नाही, नाही. मग बांगडी हाडात रुतायची, काच फुटायची, अपशकुन व्हायचा. म्हणून राहतबी विचारायचीच नाही. म्हणायची, "गा बेटी. कुछ भी गा." पोरगी हळू आवाजात गायला लागायची. गाणं चालू तोवर राहतबीचा अंगठा बांगडी पुढं सारायचा. सूर तुटला की थांबायचं. पुन्हा लागला की पुन्हा पुढं.

वहिदानं सिरिंज ट्रेमध्ये ठेवली.

"मावशी, संध्याकाळची ओवी म्हणा."

"आँ?"

"शब्द नको. तोंड उघडंच ठेवायचं. गळ्यातल्या गळ्यात नुसती चाल. चाल चालू तोवर मी काम करणार. तुटली की थांबणार आणि तिथं परत ठिबक सोडणार."

"आन् मी मुद्दाम नाय तोडली तर?"

"तुमची चाल तुम्हाला फसवता येते का ते बघा," वहिदा म्हणाली. "आणि नसेल गायचं तर ती सुई तिथंच आहे."

"दवाखाना आहे का भजनी मंडळ?" काकासाहेबांनी पेपर उघडला, पण वाचला नाही.

आवडाबाईंनी गळा लावला. आधी नुसता श्वास आला, मग श्वासाच्या तळाशी एक बारीक सूर, विहिरीत खोल पाणी दिसावं तसा. शब्द नव्हते, पण जात्याचा फेरा त्यात होता. एक लांब ओढ, एक वळसा, पुन्हा ओढ. खालच्या गिरणीची घरघर त्याच्यामागं तानपुऱ्यासारखी लागली. आशाबाईनं नकळत मांडीवर हात फिरवून ताल धरला.

वहिदानं दाढ पुढं झुकवली. सूर चालू होता. मागं झुकवली, आणि वळशाच्या ऐन मध्यावर तो तुटला. विरत विरत नव्हे, सुताचा धागा ताणून तुटावा तसा.

"मागचं मूळ," वहिदा स्वतःशीच म्हणाली. तिनं चिमटा ठेवला, नळी उचलली. टिंग. टिंग. सगळे थांबले. काकासाहेबांनी घड्याळ पाहिलं, मुद्दाम दिसेल असं.

दुसऱ्या वेळी सूर तुटला नाही, फक्त थरथरला. वहिदानं पुन्हा ठिबक सोडलं. तिसऱ्या वेळी आवडाबाईंची ओवी अख्खी वळण घेऊन परत ओढीवर आली, आणि त्या ओढीतच दाढ निघाली. त्यांना कळलं ते ट्रेमध्ये आवाज झाला तेव्हा. त्या गातच राहिल्या.

"झालं मावशी."

"झालं?" त्यांनी जीभ ओठांवरून फिरवली. डावीकडं, उजवीकडं. मग खुर्चीतच हळूच म्हणाल्या, "द्वारका." आणि पुन्हा, "द्वारका." नाव स्वच्छ होतं.

"एवढ्या वेळात माझ्या सुईनं दोन दाढा काढल्या असत्या," काकासाहेब म्हणाले.

"आणि दोन जिभा घालवल्या असत्या," वहिदा म्हणाली.

काकासाहेब उठून दाढेची मुळं पाहायला आले.

वहिदानं टाका घातला, कापसाची घडी खड्ड्यावर ठेवली आणि रोजचं पाठ असलेलं बोलायला लागली. "घट्ट दाबून धरा. बोलायचं नाही. थुंकायचं नाही. आज तोंड मोठं उघडायचं नाही, गाणं-" 

ती तिथंच थांबली.

चौघांनी एकमेकांकडं पाहिलं. ओठाचा विचार झाला होता, जिभेचा झाला होता. खड्ड्याचा कुणाच्या मनात आला नव्हता.

काकासाहेबांना आधी हसू फुटलं. "कालवा झाला, ठिबक झालं. झाड उपटल्यावर आळं तसंच राहतं, ते राहिलं."

आवडाबाई कापूस दाबून वहिदाकडं पाहत होत्या. त्यांना बोलता येत नव्हतं. बोलायची गरजही नव्हती.

"फुलंब्रीपर्यंत कापूस काढायचा नाही," वहिदा शेवटी म्हणाली. "एक शब्द नाही. तिथं गेल्यावर रक्त थांबलेलं असेल तर बसा जात्यावर. आवाज लहान ठेवायचा. तीन ओव्या. चौथी नाही. रक्ताची चव आली तरी थुंकायचं नाही, गिळायचं." मग आशाबाईला म्हणाली, "ही गोळी आत्ताच द्या. पण एक सांगते. मोठ्या सुईनं संध्याकाळपर्यंत कळलं नसतं. ही भूल ओवीच्या आधीच उतरेल. दुखणार आहे."

आवडाबाईंनी हात हलवला. माशी उडवावी तसा.

फुलंब्रीच्या वाटेवर हर्सूल मागं पडलं, चौक्याचा घाट आला. दर खड्ड्याला जीप आदळली की आशाबाई सासूच्या गालाकडं पाहत होती. बद्रीनाथचा फोन आला.

"कुठवर आलात? अक्काची जीभ हाय का शाबूत?"

"जीभ हाय," आशाबाई म्हणाली. "तोंड बंद हाय."

"म्हंजे काय गं?"

"आल्यावर बघा."

मांडवात बायका जमल्या होत्या. जात्याभोवती रांगोळी पडली होती, मोहिनी पाटावर बसली होती, अंगावर पिवळं पातळ. आवडाबाई कुणाशी न बोलता न्हाणीत गेल्या. कापूस काढला, पाहिला, पदराच्या गाठीत बांधला. चूळ भरली नाही. येऊन जात्यापाशी बसल्या, एक पाय मुडपून, दुसरा जात्याच्या कडेनं लांब सोडून, जसं दळणाऱ्या बाया पिढ्यान्‌पिढ्या बसत आल्या. समोरून आशाबाईनं खुंटा धरला. तिच्या हातावर सासूचा हात आला. तो गार होता.

पहिली मूठ जात्यात पडली.

*आवतण धाडते गं, वेरूळच्या देवाला,*
*हळद दळते मी, मोहिनीच्या नावाला.*

आवाज लहान होता, शेजारणीला ऐकू यावा इतकाच. मांडवातली कुजबुज आपोआप खाली बसली. आशाबाईची नजर सवयीनं खाली गेली, लांब सोडलेल्या पावलावर. जोडव्याचं बोट आत वळलं होतं.

*दुसरं आवतण, भद्रा रं मारुती,*
*उभं ऱ्हावं बापा, मांडवाच्या भोवती.*

बोट अजून वळलं. पोटरीची शीर उठून आली. जातं फिरत होतं, पिवळी धूळ भोवतीच्या पाळीवर साचत होती. ओढीत फरक नव्हता, वळशात नव्हता. आवडाबाईंनी एकदा गिळलं, दोन ओळींच्या मधल्या जागेत, आणि पुढची ओळ उचलली.

*तिसरं आवतण गं, द्वारका वयनीबाई,*
*तुझ्या लेकीची हळद तुझ्याबिगर लागत नाई.*

नाव अख्खं उमटलं. मोहिनीनं मान वर केली आणि मांडवाच्या दाराकडं पाहिलं. मग बायकांनीही पाहिलं. दारात केळीचे खुंट होते, त्यांची पानं वाऱ्यानं जराशी हलली आणि थांबली.

"अजून म्हणा की वो," मागून कुणीतरी म्हणालं.

आवडाबाईंनी खुंटा सोडला. "डॉक्टरीनबाईनं तीनच दिल्यात," त्या म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावला.

दुसऱ्या बायका दळायला बसल्या. आशाबाईचा फोन वाजला तेव्हा ती ओसरीवर होती. पलीकडं वहिदा होती. मागं काकासाहेबांचा आवाज येत होता, "विचार, विचार तिला."

"रक्त थांबलं का?"

"थांबलं."

"नाव आलं?"

"लख्ख."

"दुखलं का त्यांना? सूर तुटला कुठं?"

"सूर कुठंच नाय तुटला," आशाबाई म्हणाली.

"मग बरं झालं. भूल टिकली म्हणायची."

आशाबाईनं मांडवाकडं पाहिलं. आवडाबाई खांबाला टेकून बसल्या होत्या. मोहिनी त्यांच्या हाताला हळद लावत होती, आणि लांब सोडलेला पाय अजून तसाच होता.

"ताई," आशाबाई म्हणाली, "पायाचं नका विचारू."